कोकणातल्या स्वयंपाकघरातले वास: शोधायचे कसे आणि घालवायचे कसे

श्रावण लागायच्या आत घरातून माशाचा वास गेला पाहिजे, ही कोकणातल्या बहुतेक घरांची दरवर्षीची गरज. पाठोपाठ गणपती येतात, मुंबईची माणसं येतात, घर भरतं. आणि नेमके हेच दिवस भिंतींना ओल सुटण्याचे. ओटा घासून होतो, लादी फिनाइलने पुसून होते, उदबत्ती लागते, तरी दोन तासांनी वास आपला परत येतोच. येणारच, कारण तो जिथून येतो ती जागा तशीच राहिलेली असते. फिनाइल आणि उदबत्ती त्या वासावर दुसरा वास चढवतात, एवढंच. म्हणून धुण्याच्या आधी शोध घ्यायचा, आणि शोधाच्या आधी वास कोणत्या जातीचा आहे ते ठरवायचं. हे दोन टप्पे नीट झाले की साफसफाईचं काम निम्म्यावर येतं.

दोन वास मात्र असे आहेत की ते आले की शोधत बसायचं नाही.

पहिला गॅसचा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, देवापुढचा दिवा विझवा. कुठलंही बटण दाबू नका, पंखा लावू नका आणि चालू असलेला बंदही करू नका. घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा तुमच्या एजन्सीला फोन करा.

दुसरा फसवा आहे. घरात मासे नसताना फ्रीजच्या, मिक्सरच्या किंवा एक्झॉस्टच्या प्लगजवळ माशासारखा वास येतो. विजेची काही सॉकेटं आणि बटणं ज्या प्लॅस्टिकची असतात, ते जास्त तापलं की असाच वास सोडतं. आपल्याकडे तो सहज माशावर ढकलला जातो. सॉकेट हाताला गरम लागत असेल किंवा त्यावर पिवळा-तपकिरी डाग दिसत असेल, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

नाक ताजं करून घ्या

ज्या हवेत आपण दिवसभर वावरतो तिचा वास नाक थोड्याच वेळात सांगेनासं होतं. म्हणूनच पाहुण्याला दारातच जाणवणारा वास घरच्यांना जाणवत नाही. यावर उपाय असा: रात्री भांडी धुऊन, कचरा बाहेर काढून स्वयंपाकघराच्या खिडक्या आणि दार बंद करा. सकाळी चहाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर काढा आणि मग दार उघडून आत या. पहिल्या दोन श्वासांत जे जाणवेल ते खरं. लगेच ठरवा, हिवस आहे, आंबूस आहे, खवट आहे, कुबट आहे, की सडक्या अंड्यासारखा?

हिवस वास मासळीचा: विळी, सिंक, फ्रीज, कचऱ्याचा डबा. आंबूस वास पेज, दूध, नारळाचं वाटण आणि ओली फडकी यांचा. खवट वास जुन्या तेलाचा आणि खोबऱ्याचा, म्हणजे चिमणीची जाळी, तेलाच्या बुधल्याखालचं फळकूट, कपाटांचे माथे. कुबट वास ओलीचा आणि बुरशीचा. सडक्या अंड्याचा आला की सरळ मोरीकडे वळा. शिवाय एक वास असा की वाटतं भिंतीत उंदीर मेलाय आणि निघतो टोपलीच्या तळाचा एकच सडका बटाटा. तेव्हा कांदे-बटाट्याची टोपली पहिली उपडी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

जागा पक्की करायला दोन युक्त्या पुरतात. सिंकच्या आणि मोरीच्या तोंडावर रात्री जाड प्लॅस्टिक ठेवून कडेने चिकटपट्टी लावा. सकाळी स्वयंपाकघर स्वच्छ वाटलं तर दोष पाइपात आहे. वास तसाच असेल तर पाइप निर्दोष, इतरत्र शोधा. दुसरी युक्ती फडक्याची. स्वच्छ पांढरं सुती फडकं गरम पाण्यात पिळून संशयाच्या जागेवरून फिरवा आणि बाहेर नेऊन हुंगा. प्रत्येक जागेला वेगळं फडकं. फ्रीजचा माथा, ट्यूबलाइटची पट्टी, गॅसच्या शेगडीखालचा ओटा, सिंकच्या खालची कड, कपाटाच्या दाराची आतली बाजू. वास सहसा तिथे सापडतो जिथे हात रोज पोचत नाही.

मासळीचा वास

समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि आपण ज्याला हिवस म्हणतो तो वास सुरू होतो. नदीच्या माशात हा पदार्थ फारच कमी, म्हणून त्यांना समुद्री माशांसारखी हिवस येत नाही. मुशी (लहान शार्क) आणि वागळी (चपटा पाकट मासा) यांच्या अंगात त्याशिवाय युरियाही भरपूर असतो, त्याचा अमोनिया होतो. मुशी आणलेल्या दिवशी सिंकला जो झोंबणारा दर्प येतो तो हाच.

ट्रायमिथाइलअमाइन आणि अमोनिया हे दोन्ही पदार्थ आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे आहेत. आम्लाशी गाठ पडली की त्यांचा क्षार बनतो. तो हवेत उडत नाही आणि पाण्याबरोबर धुऊन जातो. माशाला चिंच, लिंबू किंवा आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून ठेवण्यामागे चवीइतकंच हेही कारण आहे. साबण, सोडा आणि राख मात्र आम्लारीच, त्यामुळे माशाच्या भांड्याला आधी सोडा लावला की वास दबण्याऐवजी उसळतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी गार पाणी. गरम पाण्याने माशाचं रक्त आणि प्रथिनं आळून भांड्याला, लाकडाला धरून बसतात. मग आंबट: एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरात दोन वाट्या पाणी, किंवा पिळलेल्या लिंबाच्या फोडी, किंवा चिंचेचा कोळ. परसात बिलिंबीचं झाड असेल तर ठेचलेली बिलिंबी यासाठी फार चांगली. हे पाच-दहा मिनिटं राहू द्या. शेवटी साबण आणि गरम पाणी, कारण बांगडा-तारलीचं तेल आंबटाने निघत नाही आणि तेच दुसऱ्या दिवशी खवट होतं. सोलकढी करून उरलेली आमसुलं स्टीलच्या भांड्यांना आणि हातांना घासायला उत्तम, पण लाकडाला आणि फडक्याला लावू नका, लाल डाग पडतो.

एक सावधगिरी ओट्याची. आपल्याकडे कित्येक घरांत ओटा आणि मोरी कडप्प्याची आहे. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, व्हिनेगर आणि लिंबू त्याला खातात, चकाकी जाते आणि खरखरीत झालेल्या दगडात घाण जास्त धरते. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइटला भीती नाही. कडप्प्यावर मासे साफ करताना खाली केळीचं पान किंवा वर्तमानपत्राचे चार पदर घाला, आणि नंतर साबणाने धुऊन लगेच कोरडा पुसा.

विळी तपासताना पात जिथे पाटात रोवलेली असते तिथे नीट बघा. तिथे बारीक फट असते आणि कापलेल्या प्रत्येक माशाचं पाणी त्या फटीत उतरतं. वरून पाट कितीही घासला तरी आतला थर तसाच राहतो. जुना टूथब्रश व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ती फट दोन्ही बाजूंनी घासा, जाडं मीठ आणि लिंबाची फोड घेऊन पूर्ण पाट चोळा, गार पाण्याने धुवा, लोखंडी पात ताबडतोब पुसा म्हणजे गंज धरणार नाही, आणि विळी आडवी न ठेवता उभी करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली. पाट काळा पडून मऊ लागत असेल तर तो बदलायला झाला. माझं स्पष्ट मत असं की माशाची विळी आणि भाजी-नारळाची विळी वेगळीच असावी. ज्या घरांत श्रावण कडक पाळतात तिथे ती असतेच; बाकीच्यांनीही ठेवावी.

खवले, कल्ले आणि आतडी यांची सोय मासे ओट्यावर यायच्या आधी ठरलेली असावी. परस असेल तर माडाच्या बुंध्यापासून थोडं दूर हातभर खोल खड्डा करून पुरा, वर माती दाबा आणि एखादा दगड ठेवा. उथळ पुरलं तर रात्री कुत्री उकरतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कागदात गुंडाळून पिशवीची गाठ मारा आणि घंटागाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण गोठलेल्या कचऱ्याला वास येत नाही आणि सिंकखालच्या डब्यात तो चार तासांत भपकारतो.

तळण्याचा वास निराळा. तेलाचे सूक्ष्म थेंब हवेतून जाऊन पडदे, ग्रिल, कपाटांचे माथे यांवर बसतात. एक्झॉस्ट तवा तापण्याआधी सुरू करा आणि शेवटची तुकडी काढल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा. चिमणीची स्टीलची जाळी महिन्यातून एकदा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात अर्धा तास भिजवा. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते. भांड्यांचा साबणच वापरा. धूर बाहेर न सोडणाऱ्या चिमणीत कोळशाचा फिल्टर असतो, तो धुता येत नाही, बदलावाच लागतो.

मोरी आणि सिंक

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो गटारात, शोषखड्ड्यात, सेप्टिक टँकमध्ये तयार होतो आणि पाइपाच्या वाटेने घरात येतो. त्याला अडवतं ते फक्त पाणी. मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात) आणि सिंकखालच्या बाकात साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी कायम उभं असलं पाहिजे. तीच त्या वासाला लावलेली कडी.

आता बॅटरी घेऊन मोरीची जाळी उचला. आत उपडी वाटी दिसते का? पाणी लवकर जात नाही म्हणून ती वाटी काढून कोपऱ्यात ठेवलेली बरीच घरं आहेत. वाटी नसेल तर गटार आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये काहीच नाही, मग कितीही ॲसिड ओता. वाटी काढून घासा, ट्रॅपच्या तळाचा गाळ हातमोजा घालून उपसा, वाटी परत बसवा, बादलीभर पाणी ओता.

सिंकखाली बघा. पन्हाळी पडलेला लवचीक पाइप सरळ खाली जाऊन लादीतल्या भोकात नुसता खोचलेला असतो. दोन चुका इथे असतात. एक, पाइपाला बाक नाही. तो वर उचलून इंग्रजी यू अक्षरासारखा वळवा आणि तारेने किंवा पट्टीने तसाच बांधा, म्हणजे बाकात पाणी साठेल. दोन, पाइप आणि भोक यांच्यामधली फट. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचं रबराचं बूच मिळतं, ते बसवा. फार थोड्या पैशांत सुटणारा दोष आहे. प्लंबर बोलावण्याआधी एवढं स्वतः करून बघा.

बाक आणि ट्रॅप ठीक असूनही वास येत असेल तर पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थराकडे वळा. भाताची पेज मोरीत ओतण्याची सवय त्याला सगळ्यात जास्त पोसते. पिठाळ पाणी पाइपाला चिकटतं, आंबतं, त्यावर जिवाणूंची साय धरते. पेज गोठ्यात किंवा झाडांना द्या. नाहीच जमलं तर तिच्या दुप्पट पाणी पाठोपाठ सोडा. थर काढायला बाटली धुण्याचा लांब ब्रश हवा, निव्वळ रसायनाने तो निघत नाही. घासून झाल्यावर अर्धी वाटी धुण्याचा सोडा आणि बादलीभर गरम पाणी. उकळतं पाणी नको, पीव्हीसीचे पाइप आणि सांधे त्याने मऊ पडतात. हाताला सोसेल त्याहून जरा जास्त एवढं पुरे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे राहतं साधं खारट पाणी. वेगवेगळे वापरा. आणि ब्लीचिंग पावडर किंवा त्याचं द्रावण वापरलं असेल तर त्यावर व्हिनेगर, लिंबू, संडासचं ॲसिड काहीही ओतू नका. क्लोरिन वायू सुटतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या छोट्या मोरीत तो जिवावर बेततो.

जुलै-ऑगस्टमध्ये अचानक वास सुरू झाला आणि पाणी डुबुक डुबुक करत मागे येऊ लागलं, तर दोष बहुधा घराबाहेर आहे. जमिनीत पाणी वर चढलं की शोषखड्डा भरतो आणि वायू उलटा ढकलला जातो. सेप्टिक टँकचा वरचा हवेचा पाइप पाला किंवा पक्ष्यांच्या घरट्याने बंद झालाय का ते बघा. टँकचं झाकण उघडून आत डोकावू नका, कुणाला उतरूही देऊ नका. तो वायू माणसाला काही श्वासांत आडवा करतो. उपसा करणारी गाडी बोलवा.

मिक्सर, फडकी आणि फ्रीज

कोकणात रोज वाटण होतं, त्यामुळे मिक्सरचं भांडं हे आंबूस-खवट वासाचं हमखास ठिकाण. भांडं उपडं करा. पात्याच्या खाली, रबराच्या चकतीच्या मागे नारळाचा पिवळट थर दिसेल. चकती काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, पातं उघडत असेल तर उघडून ब्रशने घासा. कुकरचं रबरही असंच वास धरतं. रात्रभर सोड्याच्या पाण्यात ठेवा आणि तरी येत असेल तर नवं आणा. पाट्याच्या टाक्यांत अडकलेलं वाटण त्यावर जाडं मीठ वाटलं की निघतं. ओट्याची फडकी पावसाळ्यात वाळत नाहीत आणि तीच सगळीकडे फिरतात, म्हणून रोज रात्री उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून चुलीवर किंवा फ्रीजच्या मागच्या उबेत पसरा.

फ्रीजमध्ये डबे काढून पुसणं सगळे करतात, तीन जागा राहतात. दाराच्या रबराची घडी. आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं पाणी जायचं छिद्र. ते कापसाच्या काडीने मोकळं करून वाटीभर कोमट पाणी सोडा. आणि ते पाणी जिथे उतरतं तो मागचा ट्रे, कॉम्प्रेसरच्या वर. बांगड्याचं पाणी कधीतरी फ्रीजमध्ये सांडलेलं असतं, ते वाहत तिथे जाऊन बसतं. प्लग काढा, फ्रीज पुढे ओढा, ट्रे सुटत असेल तर काढून, नसेल तर फडक्याने टिपून धुवा.

वीज जाणं हा आपल्याकडे वेगळाच प्रश्न. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. दार न उघडता ठेवलं तर खालचा कप्पा साधारण चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस. त्यापुढे मासळी आत ठेवू नका. सडून गेलीच असेल तर क्रम तोच: गार पाणी, व्हिनेगर, साबण, मग दार फटीएवढं उघडं ठेवून दोन दिवस वाळवणं. राहिलेल्या वासासाठी करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा पसरट ताटलीत ठेवा. चुलीतला साधा कोळसाही चालतो, पण त्याची ताकद कमी.

ओल आणि सुकी मासळी

जांभ्याची भिंत पाणी पिते. तिला टेकलेल्या कपाटाची पाठ जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओली असते. कपाट चार बोटं पुढे ओढा, मागची बुरशी साबणाने पुसा, वाळवा, आणि पावसाआधी भिंतीला चुना काढा. चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. सिंकखालचं प्लायवूड फुगलं असेल तर ते धुऊन काही होत नाही, तेवढा भाग कापून काढा.

आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेले सुके बोंबील, सोडे, जवळा आणि खारा बांगडा यांना जून-जुलैत वास का सुटतो? मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून पाझरू लागतं, आणि पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणून मे महिन्यातच कुरकुरीत होईपर्यंत ऊन द्या, पूर्ण गार करा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, लागेल तसं लहान बरणीत काढून घ्या. पिशवीत बांधून माळ्यावर टांगू नका. पाझरू लागलीच तर मागच्या पडवीत चुलीवर मंद भाजून पुन्हा भरा. तांबूस डाग किंवा बुरशी आलेली फेकाच.

माळ्यावरून मेलेल्या जनावराचा वास आला तर निळ्या-हिरव्या चमकणाऱ्या माश्या कुठे घोंगावतात ते बघा, त्या नेमकी जागा दाखवतात. हातमोजे घाला, आधी ब्लीचच्या पाण्याने ओलं करा, मग उचला. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर त्याचे रुग्ण असतात. घरात विषापेक्षा पिंजरा बरा, विष खाल्लेला उंदीर कुठल्या फटीत जाऊन मरेल सांगता येत नाही.

घर बंद करून जाताना

शिमग्यानंतर कुलूप लागून गणपतीला उघडणारी घरं पुष्कळ. त्या घरांत दार उघडताच येणारा वास बहुतेक वेळा मोरीचा असतो, कारण ट्रॅपमधलं पाणी आटून गेलेलं असतं. निघताना प्रत्येक नहाणीत आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे खाद्यतेल. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. जाळीवर प्लॅस्टिक ठेवून वीट ठेवा. फ्रीज रिकामा करून, पुसून, प्लग काढून दार काठी अडकवून उघडं ठेवा. कपाटांची दारं उघडी, कांदे-बटाटे आणि तेलाचा बुधला शेजारी देऊन टाका. आणि चावी ज्यांच्याकडे असते त्यांना सांगून ठेवा, महिन्यातून एकदा मोरीत पुन्हा तांब्याभर पाणी घालायला.